औत सुटलं, सद्या

“मागं सरा! आरं, मागं सरा म्हणतोय न्हवं! तुमच्या सावल्या बघूनच कावळं बिचकत्यात!”

सुभेदार तात्या ओरडत होते. तुझे चुलते, हणमंता. बाप गेल्यावर तुला वाढवणारे. कृष्णाकाठी माहुलीच्या घाटावर तुझा दहावा होता, पिंड मांडून झाला होता आणि समोरच्या पिंपळावर सगळ्या सातारा जिल्ह्यातले कावळे जमले होते. मी अतिशयोक्ती करत नाही, पिंपळाचं पान दिसत नव्हतं. पण एक कावळा खाली उतरेल तर शपथ. तात्यांनी नोकरीभर सीमेवर पलटणी हलवल्या, ही पलटण काही हलेना.

“बोला की रं कुनीतरी! त्याच्या मनात काय राहिलंय, कुनाला म्हाईत आसंल तर बोला!”

तुझा धाकटा भाऊ हात जोडून पुढं झाला. “दादा, बांधाचं भांडण मी मिटवतो.” कावळ्यांनी माना फिरवल्या. तुमच्या वडूजची माणसं बांधाचं भांडण मिटवतात यावर कावळासुद्धा विश्वास ठेवत नाही. तुझा मेहुणा म्हणाला, “पोरीच्या शिक्षणाला काय कमी पडू देनार न्हाई.” एक कावळा उठला. आम्ही श्वास रोखला. तो फांदी बदलून बसला. भजी ठेवून झाली, बाजरीची भाकरी आणि ठेचा ठेवून झाला. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी हळूच म्हणाले, “दर्भाचा कावळा करून शिववू या का?” त्यावर तात्यांनी गुरुजींकडं असं बघितलं की गुरुजीच दर्भासारखे वाळले.

सुमनवहिनी एका बाजूला उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. फक्त पिंडाकडं बघत होत्या. त्यांच्या नवऱ्याला गवताचा कावळा शिवणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आणि मी पुढं झालो. चारचौघांत शांतता पडली की मला बोलल्याशिवाय राहवत नाही, हा माझा जुना आजार तुला ठाऊक आहे. मी हात जोडले आणि कोर्टात शेवटचं भाषण करतात त्या आवाजात म्हणालो, “हणमंता, आपण रोज दुपारी नदीकाठानं चालायला जात होतो. ते मी बंद पडू देणार नाही. तू नसलास तरी मी जाईन. रोज!”

‘रोज’ हा शब्द अजून हवेत होता, तेवढ्यात कावळा उतरला. पिंडाला शिवला. घास उचलला आणि पिंपळाला वळसा घालून नदीपल्याड गेला.

तात्यांनी मला मिठी मारली. “वकील, तुमी लाख मानूस! आमाला घरच्यांना जे म्हाईत न्हवतं, ते तुमाला म्हाईत हुतं!”

हणमंता, त्या वाक्यात ‘रोज’ खरं होतं. ‘दुपारी’ खरं होतं. नदीकाठ खरा होता. एक ‘आपण’ तेवढं खोटं होतं. जायचास तू. मी एकदाही आलो नाही. जन्मभर मी थापा मारल्या आणि जन्मभर कुणी त्यांवर विश्वास ठेवला नाही. ठेवला तो एका कावळ्यानं, आणि तोसुद्धा तुझ्या पिंडावर.

लाजेनं मेलो म्हणतात ना, तसं झालं. पण मेलेला तू होतास, मला तेवढीही सोय नव्हती.

*

सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या त्या इमारतीत तुझं ऑफिस आणि माझं ऑफिस यांच्यामध्ये एकच भिंत. तू सीए, मी वकील. लोक म्हणायचे, एकाकडून सुटलेला माणूस दुसऱ्याकडं अडकतो. दुपारचा एक वाजला की माझ्या दारात तुझं डोकं यायचं. नुसतं डोकं, धड बाहेर. आणि तू म्हणायचास, “सद्या, औत सुटलं.”

नवा कारकून पहिल्यांदा ऐकायचा तेव्हा इकडंतिकडं बैल शोधायचा. तुमच्या खटावच्या कोरडवाहू रानातला तो शब्द तू सांगलीच्या दुसऱ्या मजल्यावर आणलास. दुपार झाली की बैलांच्या मानेवरचं जू उतरायचं, त्यांना पाणी दाखवायचं, झाडाखाली उभं करायचं आणि ऊन कलल्यावर पुन्हा जुंपायचं. जो गडी दुपारचं औत सोडत नाही त्याला अख्ख्या खटाव तालुक्यात कुणी पोरगी देत नाही, असं तू छातीठोक सांगायचास. थापा मारणारा मी होतो खरा, पण ही एक तुझी होती.

“बैलाला दुपारचं सोडत्यात रं. तू बैलापरास शाना हायस व्हय?”

“शहाणा नसेन,” मी म्हणायचो, “पण बैलाला अशील नसतात.”

आणि मग त्या दिवशीचं कारण. काय काय कारणं दिली मी तुला! विट्याच्या मावशीनं नवस बोललाय, दुपारी माझ्या पायाला माती लागता कामा नये. बुटात नागिणीनं अंडी घातलीयत, ती फुटेपर्यंत बूट हलवता येत नाही. साक्षीदार येणार आहे, तो एवढा लाजाळू आहे की मी खुर्चीत नाही दिसलो तर थेट परदेशात जाईल. एकदा काहीच सुचेना तेव्हा मी खिडकीबाहेर बघून म्हणालो, “आज नको गड्या, माझी सावली आजारी आहे. बघ की, दुपारची कशी आखडून बसलीय.” तू दाराची चौकट धरून हसलास. मग म्हणालास, “बरं. तिला म्हणावं, उद्या ये.” आणि गेलास.

माझे वडील विट्याचे गलाईवाले. दक्षिणेत दुकान टाकून त्यांनी जन्मभर सोन्यातली भेसळ जाळून काढली. त्यांच्या पोरानं जन्मभर खऱ्यात भेसळ घातली. विट्यात असा पोरगा दुसरा नाही, हे मी अभिमानानं सांगत आलो. आता सांगताना आवाज बसतो.

*

तू परत यायचास तेव्हा हळदीच्या गोदामांच्या गल्लीतून यायचास. हंगामात तुझे बूट हळदीच्या नवरदेवासारखे पिवळे असायचे. घाम पुसायचास, आणि जाताजाता माझ्या टेबलावर काहीतरी ठेवायचास. बोलायचा नाहीस. कधी मूठभर बोरं. कधी गाभुळलेली चिंच. कधी ओंजळभर करंजाची फुलं, ती तर खाताही येत नाहीत. एकदा सुगरणीचं वाऱ्यानं पडलेलं घरटं ठेवलंस आणि माझ्या अशिलानं ते कुठल्या तरी खटल्यातला पुरावा समजून हात लावला नाही. मला नदीवर जाता येत नव्हतं, तर दुपारी दोनच्या सुमाराला नदी माझ्या टेबलावर यायची.

आणि मी काय करायचो? बोरं खायचो, आणि समोरच्याला सांगायचो, “घ्या, आमच्या फार्महाऊसवरची आहेत.” माझं फार्महाऊस कुठं आहे हे मलाही अजून कळलेलं नाही. तू भिंतीपलीकडून ऐकायचास. कधी खोकलासुद्धा नाहीस.

आपलं भांडण मात्र खरं होतं, आणि ते अर्धंच राहिलं. मी म्हणायचो, चालायचंच तर माणसानं पहाटे चालावं, सभ्य माणसं पहाटे चालतात. दुपारी उन्हातान्हात कोण फिरतं? फिरस्ते आणि भुतं. तू खुर्ची ओढून बसायचास.

“सकाळचं चालनं अंगाला, सद्या. दुपारचं चालनं डोक्याला. सकाळी डोकं रिकामंच असतंय, त्याला काय फिरवायचं? दुपारी ते भरतंय. भरलेलं भांडं उपडं करायला जावं लागतंय रं.”

“मग डुलकी काढतो की मी.”

“डुलकी काढून उठल्यावर तू पयल्या अशिलावर का ओरडतोस ते सांग.”

खरंच, दुपारनंतर माझ्याकडं आलेल्या माणसाला मी सकाळच्या माणसापेक्षा दुप्पट घाबरवायचो. रिटर्न भरायच्या दिवसांत सगळी इमारत एकमेकांच्या अंगावर जायची. झेरॉक्सवाला रडायचा, लिफ्ट बंद पडायची, आणि तुझ्या ऑफिसातून मात्र पंख्याचा आवाज यायचा. तुझी पोरं तुला न घाबरता चुका दाखवायची. तू म्हणायचास, “दिवसभर आपली नजर हातभर लांब. कागद, न्हाईतर स्क्रीन. डोळ्याला कायतरी लांबचं दाव. नदीपल्याडचं झाड दाव. माघारी आलं की कागदावरची चूक आपनहून वर येती.” मी म्हणायचो, “चूक वर आणून करायची काय? माझा धंदाच चुका खाली दाबायचा आहे.” तू उठून जायचास. जाताना म्हणायचास, “साताऱ्यात शिकताना किल्ल्यावर माझ्याम्होरं पळणारा सद्या कुठं गेला, ते एकदा शोध.”

तो कुठं गेला ते मला ठाऊक होतं, हणमंता. तेवढंच तुला कधी सांगितलं नाही. तेव्हा कॉलेज बुडवून आपण अजिंक्यताऱ्याच्या चढाला लागायचो आणि मी दरवाज्याशी पोचून तुला वरून हाका मारायचो, “ये की रं म्हाताऱ्या!” आता इमारतीचा जिना उतरलो तरी मला धाप लागते. पानाच्या टपरीपर्यंत जाऊन आलो की टपरीवाला मला पाणी देतो. तुझ्यामागं धापा टाकत चालायचं नव्हतं मला. नागिणीची अंडी, मावशीचा नवस, लाजाळू साक्षीदार, सगळं त्या एका धापेवर टाकलेलं पांघरूण होतं. तू एकदा थांबून वळून बघितलं असतंस आणि माझ्यासाठी पावलं हळू केली असतीस, ते मला सोसलं नसतं.

*

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तू काही दिवसांनी चार माणसं जमवलीस. वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई, समोरचे इंजिनिअर, बँकेतले दोघं. एक वाजता सगळी खाली जमायची आणि हसत नदीकडं जायची. खाली जमलेली ती माझ्या खिडकीतून दिसायची. डॉक्टरीणबाई आठवड्याभरात म्हणायला लागल्या की रात्रीची झोपेची गोळी सुटली. इंजिनिअर बिल्डरशी न भांडता फोनवर बोलायला लागले. माझ्या पोटात काय दुखलं देव जाणे.

कृष्णेत मगर आहे हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी त्या मगरीला जरा कामाला लावलं. म्हणालो, ती दुपारीच वर येते. म्हणालो, तिला पांढरा शर्ट आवडतो, सुशिक्षित माणूस तिला अंतरावरून ओळखू येतो. म्हणालो, आपले सीए रोज तिच्याकडं जातात ते तिचं रिटर्न भरायला. तिचं उत्पन्न मोठं आहे, सगळं पोटात दडवलंय. इमारत आठवडाभर हसली. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंच्या सासूबाईंनी देवाची शपथ घातली. बँकेतल्यांच्या बायकांनी फोन केले. इंजिनिअर म्हणाले, जरा कामं आहेत.

तू माझ्या दारात आलास. मला वाटलं, आता भांडशील. तू म्हणालास, “मगर घाटाखाली डोहाकडं हाय. आपन वरच्या अंगानं जातो. आन् मगर हाय म्हणून सांगलीनं कृष्णेचं पानी प्यायचं सोडलंय का?” मग म्हणालास, “औत सुटलं, सद्या. आज जागा बी मोकळी हाय.”

मी म्हणालो, आज कोर्टात तारीख आहे. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी होती. तुलाही माहीत होतं.

आणि तू कायमचा गेलास त्या दिवशी तुझ्या दारात मांडवाखाली कुणीतरी म्हणालं, “एवढ्या उन्हात रोज फिरायचा. शरीर म्हणजे काय लोखंड आहे?” सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तू पहाटे गेलास, अंथरुणात, ऊन उगवायच्या आत. उन्हाचा काय संबंध होता? जन्मभर मोठ्या आवाजात बोलणारा मी, तिथं एवढंसं वाक्य मला फुटलं नाही. कारण तू चुकला होतास असं ठरलं की मी खुर्चीत बसून राहिलो ते बरोबर ठरत होतं. तुझ्या तिरडीशेजारी उभा राहून मी आपलं भांडण जिंकून घेतलं, हणमंता.

*

कावळा शिवल्यावर तरी गप्प बसावं की नाही? वडूजच्या घरी जेवणाच्या पंगतीत तात्या शेजारी बसले आणि म्हणाले, “सांगा की वकील. काय बोलायचा आमचा हणमंत चालताना?”

मी भात कालवत सुरू झालो. कुठून निघायचो, कुठं वळायचो, करंजाच्या झाडाखाली कसे बसायचो. करंज मला टेबलावरच्या फुलांवरून माहीत. पंगत हात थांबवून ऐकत होती. मी म्हणालो, “तो म्हणायचा, तात्यांनी मला बोट धरून रानात चालायला शिकवलं, म्हणून मी अजून चालतोय.” तात्यांनी पानावरचा हात काढला. उठले, बाहेर गेले, आणि गोठ्यापाशी पाठ करून बराच वेळ उभे राहिले.

तू असं कधी म्हणाला होतास का? मला माहीत नाही. असेलही म्हणाला, त्या करंजाखाली, जिथं ऐकायला मी यायला पाहिजे होतं.

सुमनवहिनी वाढत होत्या. त्यांनी माझ्या पानात भात वाढला आणि पुढं गेल्या.

तेरावं झालं. मी सांगलीला परत आलो. माहुलीला दिलेला शब्द कृष्णेच्या पाण्यानं माझ्या आधी सांगलीला पोचवला असणार, कारण खिडकीत बसवेना. एक वाजला की मी दाराकडं बघायचो. दार रिकामं. मग मी स्वतःलाच कारण सांगायचो: आज नको, आज ऊन आहे, आज गुरुवार आहे. स्वतःला सांगताना कारणं किती पांचट वाटतात! तुला सांगताना त्यांना काहीतरी चव होती.

आणि एका दुपारी दारात वहिनी उभ्या राहिल्या. तुझं ऑफिस आवरायला आल्या होत्या. डोक्यावर पदर, पायात कॅनव्हासचे बूट.

“भावोजी, एक वाजला. चला.”

“कुठं?”

“तुमी जाता तिकडं. मला ती वाट बघायचीय. शाळेमुळं दुपारची मला कवा येता आलं न्हाई. आज रजा घेतलीय.”

कोर्टात तारीख नव्हती. दारात अशील नव्हता. सावलीसुद्धा ठणठणीत होती.

जिना उतरलो. धाप लागली. फाटकाशी आल्यावर डावीकडं की उजवीकडं, हेच कळेना. विट्याचा सदाशिव वकील, सांगलीत अर्धा जन्म काढलेला, शेजाऱ्याची वाट त्याला ठाऊक नाही. तुझे पिवळे बूट आठवले आणि हळदीच्या गल्लीत शिरलो. हंगाम भरात होता. पोती फुटलेली, पिवळा धुरळा, हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या. दोन गोदामांच्या मध्ये मी ऐटीत वळलो आणि समोर भिंत आली.

“आज जरा वेगळ्या वाटेनं आलो,” मी भिंतीकडं बघून म्हणालो.

“व्हय का,” वहिनी म्हणाल्या.

घाटावर पोचलो तेव्हा माझा शर्ट पिळून घेण्यासारखा झाला होता. दुचाक्यांची गर्दी, नारळवाले, घंटा. मी हात पसरून म्हणालो, “ही बघा. ही जागा.”

“करंज कुठं हाय?”

पंगतीतलं करंज! मी काठानं वरच्या अंगाला चालायला लागलो, तू म्हणाला होतास तसं, वरच्या अंगानं. पहिलं मोठं झाड आलं. “हेच ते.”

वहिनींनी वर बघितलं. “ह्यो शिरीष हाय, भावोजी. शेंगा वाजत्यात बघा खुळखुळ्यागत.”

“हां, हां. पुढचं.”

“पुढचा कडुलिंब. येवढं तरी वळखा की.”

शाळेतल्या पोरांना झाडं शिकवणाऱ्या बाईला मी झाडाची थाप मारत होतो. यापुढं मी बोललो नाही. बोलायला श्वासही नव्हता. वहिनी पुढं, मी मागं. घंटेचा आवाज मागं पडला, मग गाड्यांचा. पाऊलवाटेच्या एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला खाली पाणी. आणि हणमंता, वहिनी मधूनमधून थांबत होत्या. बुटाची नाडी बांधायला, गवतातलं काहीतरी बघायला. एवढ्या वेळा कुणाची नाडी सुटत नाही. त्या वळून बघत नव्हत्या, फक्त थांबत होत्या. ज्याला भिऊन मी तुझ्याबरोबर कधी आलो नाही ते हे एवढंच होतं? याला भीत होतो मी?

करंज दिसलं तेव्हा कुणी सांगावं लागलं नाही. नवी पालवी, तेल लावून पुसल्यासारखी. खाली गार सावली. मुळाशी बसून बसून झिजलेली जागा. एका मुळीवर वहिनी बसल्या, दुसरीवर मी. पाण्यात एका खुंटावर पाणकावळा पंख पसरून वाळवत होता. मला वाटलं, माहुलीच्या कावळ्यानं भाऊबंद पाठवलाय, शब्द पाळला का बघायला. निळा खंड्या पाण्यावरून तीर सुटल्यासारखा गेला. पलीकडच्या काठावर कुणाची तरी म्हैस डुंबत होती. खिशात फोन थरथरला, मी काढला नाही. सकाळपासून ज्या वाटणीच्या दाव्यानं माझं डोकं पोखरलं होतं, तो आठवायचं म्हटलं तरी आठवेना. आणि मग शोधत नसताना त्या दाव्यातला साधा मुद्दा आपणहून वर आला, बुडालेली काठी वर येते तसा. तू सांगितलं होतंस अगदी तसं. यात वाढवायला मला काही जागाच मिळेना. पहिल्यांदाच मला एखादी गोष्ट आहे तेवढीच पुरेशी वाटली.

तरी सवय ती सवय. वहिनी पाण्याकडं बघत होत्या. मला वाटलं, या बाईला काहीतरी द्यावं. “वहिनी,” मी म्हणालो, “इथं बसून हणमंत म्हणायचा...”

वाक्य तयार होतं. फार सुंदर होतं. तुझ्या तोंडी शोभलं असतं, वहिनी जन्मभर जपून ठेवत्या, आणि कुठलंही कोर्ट ते खोटं ठरवू शकलं नसतं, कारण साक्षीदार गेला होता. तात्यांना दिलं तसं यांनाही दिलं असतं.

पण इथं तू काय म्हणायचास ते या झाडाला ठाऊक होतं, त्या पाण्याला ठाऊक होतं. त्या म्हशीलासुद्धा ठाऊक असेल. मलाच तेवढं ठाऊक नव्हतं. तोंड उघडं राहिलं आणि आतून दुसरंच बाहेर आलं.

“वहिनी, मी कधी आलोच नव्हतो. एकदासुद्धा.”

वहिनींनी पाण्याची बाटली उघडली, घोट घेतला, माझ्याकडं दिली.

“ठाऊक हाय मला.”

“कधीपासनं?”

“पयल्यापासनं. रोज जेवताना सांगायचे की, आज सद्यानं काय सांगितलं ते. सावली आजारी हाय म्हणालावता, तवा तर ठसका लागून पानी प्यावं लागलं त्यास्नी.”

मी बाटली हातात धरून बसलो. माझी प्रत्येक थाप तू घरी नेत होतास. मी करंजाची फुलं टेबलावर घ्यायचो, तू माझी कारणं ताटात घ्यायचास. तुला माहीत होतं मी येणार नाही. तरी एक वाजला की दारात डोकं यायचंच.

“मग माहुलीला,” मी विचारलं, “सगळ्यांसमोर मी ‘आपण रोज जात होतो’ म्हणालो. तेव्हा तुम्ही का नाही बोललात?”

वहिनी उठल्या. पदराला लागलेली माती झाडली.

“कावळा शिवत न्हवता, भावोजी.”